पेशंटजवळ कोण थांबणार?

मागच्या पावसाळ्यात आई मोरीत घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. गावाकडेच होती. शेजारच्यांनी गाडी करून तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, आणि मी पुण्याहून पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. वॉर्डात शिरले तर टेबलामागच्या सिस्टरांनी मान वर केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पेशंटजवळ कोण थांबणार?"

मी म्हटलं, मी थांबते. त्यांनी रजिस्टरात माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, मुलगी.

तेव्हापासून हा 'थांबणे' शब्द डोक्यातून जात नाहीये. दवाखान्यात थांबणं म्हणजे काय काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. सलाईन संपत आली की हाक मारायची, लघवीची पिशवी भरली की सांगायचं, चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलात पळायचं, परत येऊन ते औषध टेबलावर द्यायचं, राऊंडला डॉक्टर भराभर जे बोलून जातात ते लक्षात ठेवून नंतर दहा नातेवाईकांना फोनवर दहादा सांगायचं, पाठीखालची चादर चुरगळली की ओढून सरळ करायची, आणि मधल्या वेळात स्टुलावर बसून पेशंटच्या छातीची हालचाल बघत राहायचं. आणि कुणी विचारलं काय करतेस, तर उत्तर एकच, थांबलीये. एवढं सगळं काम आपण एका अशा क्रियापदात घातलंय ज्याचा साधा अर्थ काहीही न करणं असा आहे. आणि ते करणाऱ्या माणसाला तर नावच नाही. 'थांबणारी' असं कुणी म्हणत नाही. पासवर छापलेलं असतं, रुग्णाचा नातेवाईक. 

माझी एक मैत्रीण आयुर्वेद शिकलेली आहे, तिला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अगं चरकाकडे आहे की शब्द. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, रोगी आणि उपस्थाता. उपस्थाता म्हणजे शब्दशः जवळ उभा राहणारा. आणि तो कसा असावा तेही सांगितलंय, त्याला शुश्रूषा करता यावी, तो कामात दक्ष असावा, रोग्याबद्दल त्याला माया असावी आणि तो स्वच्छ असावा. मला त्या रात्री हे ऐकून खरंच बरं वाटलं. स्टुलावर बसून पाय सुजले होते, आणि कुणीतरी इतक्या जुन्या काळी त्या स्टुलाची नोंद घेतली होती, चार पायांतला एक पाय म्हणून.

पण उपस्थाता हा शब्द काही कुणाच्या तोंडी येणार नाही. तोंडी येतात ते वेगळेच. त्या दवाखान्यात भिंतीवर पाटी होती, अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, कक्षसेवक. आणि बोलण्यात कोण होतं, तर मेट्रन, इन्चार्ज, सिस्टर, मामा. आणि पाटीवर जिला जागाच नव्हती ती मावशी. सिस्टर हा शब्द जोगिणींकडून आला, म्हणजे ख्रिस्ती मठातल्या बायका रुग्णसेवा करायच्या तिथून, आणि आता पुरुष नर्सला आपण ब्रदर म्हणतो. आया हा पोर्तुगीज. पण सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसासाठी मात्र आपण आपल्या घरातलं नातं काढलं. डॉक्टर सर आणि मॅडम, त्याखाली इंग्रजी बहीण, आणि त्याखाली मराठी मावशी.

आणि बघा, मावशी आणि मामाच. दोन्ही आईकडचे. दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या बाईला कुणी आत्या म्हटलेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही. आत्या म्हटलं की मानपान आला, ती रुसणार, तिला विचारून करायचं. मावशीचं तसं नसतं. आजोळच्या माणसाकडे हक्काने मागता येतं आणि तिथे हिशोब ठेवावा लागत नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काही उगीच नाही, ती माया खरीच असते. मला वाटतं की आपण ज्यांच्याकडून सगळ्यात अवघड आणि सगळ्यात घाणीचं काम करून घेतो त्यांना मावशी म्हणतो त्यात दोन्ही गोष्टी आहेत, खरी माया पण आहे, आणि हिशोब न ठेवण्याची सोय पण आहे. आणि हे मी लांबून बघून बोलत नाहीये. माझी आई अडतीस वर्षं लोकांची मावशी होती.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. १९८६ ला लागली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, चौथी शिकलेली, आणि पासष्ट पूर्ण होऊन घरी बसली तेव्हाही मदतनीसच. अंगणवाडीची योजना सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू केली, पण त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर हेच केलं होतं, पोर शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा पोराच्या अंगणात न्यायची. आमच्या गावची अंगणवाडी कित्येक वर्षं देवळाच्या ओवरीत भरायची. सेविका एक आणि मदतनीस एक. सेविकेला सगळे 'बाई' म्हणायचे. आईला 'मावशी'.

आई साडेनऊला जाऊन ओवरी झाडायची, हातपंपावरून दोन कळशा पाणी आणायची, आणि मग पोरं गोळा करायला निघायची. हे गोळा करणं मला अजून दिसतं. वरच्या आळीपासून सुरुवात, एक कडेवर, एकेक दोन्ही हातांना आणि बाकीची मागे ओढ्यासारखी वाढत यायची. कुणाची चड्डी नाही, कुणाचं नाक वाहतंय, कुणाची आई शेतावर गेलेली आणि पोर उंबऱ्यात एकटंच बसलेलं, त्याला उचलायचं, पदराने तोंड पुसायचं, चल. आल्यावर गाणी वगैरे बाई घ्यायच्या तोपर्यंत आईने तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढवलेलं असायचं. आधी सुकडी असायची, मग उसळ, खिचडी. 

वजनाचा दिवस तर मी कधीच विसरणार नाही. ओवरीच्या तुळईला काटा टांगायचा, त्याच्या आकड्याला झोळी, झोळीत पोर. पोर पाय झाडतंय, किंचाळतंय, आणि काटा स्थिर व्हायला हवा. पोराला हात लागलेला असेल तर वजन चुकतं, म्हणून हात तर काढायला पाहिजे. आई दोन्ही हात झोळीच्या खाली वीतभर अंतरावर ओंजळीसारखे धरून उभी राहायची. लागू द्यायची नाही आणि काढायची पण नाही. बाई आकडा वाचेपर्यंत तशीच. मग बाई आकडा रजिस्टरात लिहायच्या.

मदतनीस हा शब्द मला मोठी झाल्यावर कळला, म्हणजे तो कुठून आला ते कळलं. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस यातला जो 'नीस' आहे तो फारसी नवीस, म्हणजे लिहिणारा. फडणीस मूळचा फर्दनवीस, फर्द म्हणजे हिशोबाचा कागद. ज्यांच्या हातात बोरू होता त्यांचं ते शेपूट पुढे मदतीला लागलं आणि मदतनीस झाला. आईला सहीपुरतंच लिहिता यायचं. लिहिण्याचं काम बाईंचं. पण बाई रजिस्टर उघडून विचारायच्या कुणाकडे, "मावशी, वरच्या आळीतला तो बारका चार दिवस नाही दिसला?" आणि आई पातेलं ढवळता ढवळता सांगायची, त्याला गोवर आलाय, त्याची आई माहेरी गेलीय, ती दिवाळीनंतर येणार, त्या तमकीला सातवा लागलाय पण अजून नाव घातलेलं नाही, ती नवीन सून आहे तिला विचारलं तर सांगायची नाही, सासूला विचारा. गावात कुणाचं पोर किती दिवसांचं आहे हे तिला तोंडपाठ असायचं. ती सांगायची, बाई लिहायच्या. मला तो नीस आईला लावलेला बरोबर वाटतो.

मी स्वतः त्याच अंगणवाडीत जायचे, तीन वर्षांची होते तेव्हापासून. आणि तिथे आईने एक नियम घालून दिला होता. दहा ते एक मी तिला आई म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी मी आई म्हणून पदर धरला तर बाकीची पाच-सात पोरं आपापली आई आठवून रडायला लागली म्हणे, मला ते आठवत नाही, आईनेच सांगितलंय. तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "हितं मी समद्यांची मावशी हाय. तुझी बी." मग मी तिला मावशी म्हणायला लागले. मावशी पाणी. मावशी शू लागली. एक वाजता ओवरीला कुलूप लागलं, किल्ली तिच्या कमरेला गेली, की मी परत आई म्हणायचे. तीन वर्षं मी असं केलं आणि माझं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, लहान पोरांना असले नियम फार चटकन कळतात. 

तिला महिन्याला जे मिळायचं त्याला मानधन म्हणायचे. पगार नाही, वेतन नाही. सरकारी शब्द किती जपून निवडलेले असतात बघा. सेविका, मदतनीस, स्वयंसेविका, आणि त्यांच्याजोडीला मानधन, मोबदला. कर्मचारी म्हटलं की वेतनश्रेणी आली, रजा आली, पेन्शन आलं. २००५ मध्ये गावोगावी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा आल्या, त्यांचं तर नावच इतकं छान ठेवलं, आणि मराठीत पुढे जोडलं 'स्वयंसेविका', म्हणजे आपखुशीने आलेली. कामागणिक मोबदला, इतकी लसीकरणं, इतकी बाळंतपणं. कोरोनात सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ची मोहीम निघाली तेव्हा आमच्या गावात दारोदार ऑक्सिमीटर घेऊन कोण फिरलं, तर आशाताई. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांना पुरस्कार दिला, त्याचा आनंद झालाच, पण त्या बायकांच्या महिन्याचं काय, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आताही पडतो.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनीसांच्या बाजूने निकाल दिला, की त्यांना १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, आणि त्यात हेही म्हटलं की त्यांना जे मानधन मिळतं ते त्या कायद्याच्या व्याख्येत वेतनच आहे. मी ती बातमी आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हंजी आम्ही नोकरी करत हुतो." छत्तीस वर्षं झाल्यावर तिला हे कळत होतं. त्याआधी ती कधी नोकरीला जाते असं म्हणाली नव्हती, 'शाळंत जाते' म्हणायची. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती, गुडघे दुखत होते, तरी तालुक्याच्या मोर्चाला गेली, आणि पहिल्यांदा मला फोनवर म्हणाली, आज कामावर न्हाई.

शब्द बदलला म्हणून पोट भरत नाही हे मलाही कळतं, पण शब्द बदलावा म्हणून लोक भांडलेत आणि त्यातून काहीतरी हाती लागलंय हे पण खरं आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला, त्यात 'कामगार' आहे. मुंबईच्या बंदरात, बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र आणलं आणि १९६९ च्या कायद्याने माथाडी हा शब्द, जो माथ्यावरून आलाय, तो कायद्याच्या पुस्तकात गेला. पुण्यातच १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, झाली. ज्यांना आपण कचरेवाली म्हणायचो त्या आता कचरावेचक आहेत, आणि मी आमच्या सोसायटीत हा शब्द मुद्दाम वापरते, लोक आधी थोडे थबकतात पण मग वापरायला लागतात.

काही शब्द मात्र गेलेच. पाठराखीण. नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एखादी बाई जायची, दोन-चार दिवस राहायची, नवरीला काय हवं-नको बघायची, रात्री तिच्याशेजारी निजायची. आईच्या पाठराखणीला तिची एक विधवा चुलत आत्या आली होती. आई सांगते की पहिल्या रात्री ती रडत होती तर त्या म्हातारीने काही समजूत वगैरे घातली नाही, नुसता हात धरून ठेवला. हे पण थांबणंच. पण त्याला नाव होतं, आणि ते नाव असलेल्या बाईला सासरकडून लुगडं मिळायचं.

असो. आईला दोन दिवसांनी पुण्यात आणलं, ऑपरेशन झालं, आणि मग एका ब्युरोकडून रात्रीची बाई लावली. ब्युरोवाले फोनवर म्हणाले सिस्टर पाठवतो. आल्या त्या एकोणतीस वर्षांच्या, लातूरकडच्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा, स्वेटर आणि मुलीच्या चौथीच्या पुस्तकाचं एक सुटलेलं पान, जे त्या शिवणार होत्या. दवाखान्यातल्या सिस्टर त्यांना सिस्टर म्हटलेलं चालवून घेत नव्हत्या, आणि त्यांचंही बरोबर आहे, त्या तीन-चार वर्षं शिकून आलेल्या असतात. मग काय म्हणायचं, तर सगळ्यांनी मावशी. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान बाई, आणि पहिल्या रात्री मी पण तेच म्हटलं. फोनमध्ये नंबर सेव्ह केला 'मावशी रात्र'. शेजारी आधीपासूनच होत्या 'मावशी पोळ्या' आणि 'मावशी फरशी'.

त्या सहा आठवडे आमच्याकडे होत्या, आधी दवाखान्यात, मग घरी. आईला कुशीवर वळवताना त्या आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या. मी विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणाल्या कुणी नाही, गार हात लागला की म्हातारं माणूस अंग आक्रसून घेतं, मग मोडलेल्या जागी कळ येते. चरकाने उपस्थात्याचे जे गुण सांगितलेत ते मला त्यांच्या हातात दिसले. आम्ही ब्युरोला भरत होतो त्यातले त्यांच्या हातात किती पडतात ते तिसऱ्या आठवड्यात कळलं, निम्म्याहून थोडेसेच जास्त. बिलावर लिहिलेलं असायचं केअरटेकर चार्जेस आणि किती रात्री. त्यांचं नाव कुठेच नाही. मी ब्युरोला फोन करून सांगितलं की बिलावर त्यांचं नाव घाला, तर ते म्हणाले मॅडम बाई बदलू शकते ना, म्हणून नाव घालत नाही. त्यांचं नाव मला माहीत आहे, फार सुंदर आहे, पण त्यांना विचारल्याशिवाय इथे लिहिणार नाही. काय म्हणू असं मी त्यांना नंतर विचारलं होतं. जरा विचार करून म्हणाल्या, "नावानंच म्हणा की ताई. इकडं आल्यापासून कुणी नावानं हाकच मारली नाही."

ते सगळं नंतरचं. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या रात्रीचं सांगायचं राहिलं.

त्या रात्री आईला भास व्हायला लागले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या वयात भूल आणि दुखण्याची औषधं यांनी होतं असं, दोन-तीन दिवसांत ओसरेल, घाबरू नका. पण बघवत नाही. ती उठायला बघत होती, सलाईनची नळी ओढत होती. मी "आई, आई" करत होते, ती माझ्याकडे बघायची पण ओळख नाही. त्या बाई तिला "आजी, ओ आजी, झोपा बरं" म्हणत होत्या, त्यालाही उत्तर नाही. दाराकडे बघत एकच चाललं होतं, "वरच्या आळीची आली का? त्यो बारका न्हाई आला. उन्हाचं एकटंच बसलं आसंल." आणि पाय खाली सोडायला निघाली. आम्ही दोघींनी तिला धरलं. मग तिने दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे, आणि हवेत तसेच धरून ठेवले. हात थरथरत होते. त्या बाईंना कळेना काय करतायत आजी, त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी तिच्या कानाजवळ गेले आणि म्हटलं, "मावशी, सोडा आता. आकडा लिहिला बाईंनी."

तिने हात खाली घेतले.

"समदी आली?"

"आली, मावशी. वरच्या आळीचा बारका पण आला."

"त्याला आधी पाणी दे," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.